देशाभिमानाचा हिशेब

भाषा आणि धर्म यांचा अभिमान म्हणजेच देशाभिमान, असे पुढारी सांगतात आणि भोळे लोक माना डोलावतात. आम्ही मुलांना हिशेब शिकविणारे. म्हणून कॅनडातील फ्रेंच शेतकऱ्यांचा हिशेबच बांधवांपुढे मांडतो.

१७६३ साली फ्रान्सने कॅनडा इंग्रजांच्या हवाली केला. मागे राहिलेले फ्रेंच बोलणारे लोक स्वतःस 'कानादियें' म्हणवीत. म्हणजे फ्रान्सचे नव्हे, याच मातीचे. १७७४ च्या कायद्याने इंग्रजांनी त्यांचा धर्म व दिवाणी कायदा राखला. वाहवा! पण त्याबरोबर आणखी काय राखले? पाद्र्याचा धान्यातील सव्विसावा हिस्सा आणि 'सेन्यर' म्हणजे जमीनदार याचा खंड. दळण त्याच्याच गिरणीत, तेथे चौदावा हिस्सा. जमीन विकत घ्यावी, तर किमतीचा बारावा हिस्सा त्यास वेगळा!

१७९१ साली विधिमंडळ मिळाले, पण कारभाराची सूत्रे गव्हर्नर व त्याच्या मर्जीतल्यांच्या हाती. लोकपक्षाने १८३४ साली ९२ ठराव केले. १८३७ साली लंडनने ते झिडकारले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला सँ-दनी गावी शेतकऱ्यांनी इंग्रज फौज मागे हटविली. पण बिशप लार्तिग यांनी महिनाभर आधीच बजावले होते की, राजसत्तेविरुद्ध उठणे धर्मास मान्य नाही. पुढे बंड मोडले. १२ जण फासावर गेले, ५८ जण ऑस्ट्रेलियास हद्दपार झाले.

आता खरी मेख पाहा. फेब्रुवारी १८३८ मध्ये रॉबर्ट नेल्सन यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. त्यात सेन्यरकी रद्द, आणि मूळच्या इंडियन लोकांसही सारखे हक्क! परंतु चळवळीचे थोर पुढारी पापिनो यांस सेन्यरकी बुडविणे रुचेना. का रुचावे? ते स्वतःच सेन्यर होते!

लॉर्ड डरहॅमने १८३९ साली या लोकांस इतिहास नाही असे हिणविले. गार्नो यांनी १८४५ पासून त्यांचा इतिहास छापून चोख उत्तर दिले. उत्तम केले! पण इतिहासाने खंड फिटत नाही. १८५४ साली सेन्यरकी कायद्याने गेली, तरी खंडाच्या जागी बसविलेली वार्षिक रक्कम शेतकऱ्यांची नातवंडे-पतवंडे विसाव्या शतकातही भरीत होती.

बांधवहो, आम्ही देशाभिमानाची निंदा करीत नाही. सँ-दनीस छाती पुढे केली ती शेतकऱ्यानेच. पण जो कोणी निशाण खांद्यावर देईल त्यास आधी विचारा: मानेवरचा भार कधी उतरविणार? उत्तर मिळेपर्यंत टाळी वाजवू नका.