परसातील नवे हत्यार

खंडेनवमीच्या दिवशी घरातील हत्यारे धुऊन-पुसून पाटावर मांडण्याची रीत आमच्या रावेर परिसरात घरोघर पाळली जाते. विळा, खुरपे, कोयता, कुदळ, कुऱ्हाड ही सारी वर्षभर मातीत राबणारी मंडळी त्या दिवशी हळदीकुंकवाने नटतात. गेल्या खंडेनवमीस माझ्या नातवाने त्या ओळीत एक नवा पाहुणा आणून ठेवला. लांब दांड्याचे, बॅटरीवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र होते ते. "आजोबा, यानेही वर्षभर काम केले आहे, मग याची पूजा का नको?" असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न बालसुलभ खरा. पण त्याचे उत्तर द्यावयास मला बराच विचार करावा लागला. तो विचारच आज येथे मांडीत आहे.

उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी यांच्या मधला आमचा हा प्रदेश केळीच्या बागांचा. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले, हे आपण जाणताच. येथील काळी माती जितकी केळीला उदार, तितकीच तणालाही. श्रावणाच्या दोन सरी पडल्या की परसात, बांधावर, पाटाच्या कडेने गवत गुडघ्याएवढे वाढते आणि त्यात विंचूकाट्याचे भय वाढते. गवत काढणे ही येथे हौस नव्हे, गरज आहे.

ही गरज माणसाने शतकानुशतके विळ्याने भागविली. इंग्लंडमध्ये १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापण्याचे पहिले यंत्र तयार केले. लोकरी कापडावरील लव कातरणारे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. पुढे पेट्रोलची यंत्रे आली. त्यांनी काम झपाट्याने केले. परंतु इंधनात तेल मिसळा, दोरी ओढून ओढून यंत्र जागे करा, मग त्याचा धूर नाकात आणि कर्कश आवाज कानात साठवा, असा तो व्यवहार होता. अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरात तर पालापाचोळा उडविणाऱ्या पेट्रोल यंत्रांवर २०२२ सालापासून बंदी आहे.

विजेचा साठा करण्याची विद्या मात्र जुनी आहे. इटलीच्या व्होल्टाने १८०० साली पहिला विद्युत्‌घट रचला. फ्रान्सच्या प्लांतेने १८५९ साली पुनःपुन्हा भरता येणारा शिशाचा घट सिद्ध केला. १९९१ साली जपानमध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि हलक्या भारात पुष्कळ शक्ती साठविणे शक्य झाले. या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ यांचे वय ९७ वर्षांचे होते! निवृत्तीनंतर हातपाय आखडून बसणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

या यंत्राचे गुण मी मुक्तकंठाने मान्य करतो. कळ दाबताच ते चालते, सोडताच थांबते. धूर नाही, आवाज बेताचा. पाठीवरच्या फवारणी पंपाचेच पाहा. पूर्वी सोळा लिटरांचे ओझे पाठीवर घेऊन एका हाताने दांडा सतत हलवावा लागे. सायंकाळी खांदा भरून येई. आता तेच काम बारा व्होल्टची लहानशी बॅटरी करते. आठ अँपिअर-तासांची ती बॅटरी भरली, तर तिच्यात साठलेली वीज एका युनिटाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते! मनुष्याच्या खांद्याची एवढी झीज एवढ्याशा विजेने वाचत असेल, तर तिला नाके मुरडणे हा करंटेपणा होय.

परंतु गुण गाताना दोष झाकणे हे शिक्षकाला शोभत नाही. पहिली गोष्ट अशी, की धूर नाहीसा झालेला नाही; तो आपल्या डोळ्यांआड गेला आहे. आपल्या घरी येणाऱ्या विजेचा मोठा भाग आजही कोळसा जाळूनच होतो. भुसावळजवळच्या दीपनगरचे औष्णिक केंद्र आपल्या जिल्ह्यातच आहे. शिवाय बॅटरीलाही आयुष्य असते. आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी लवकर निकामी होते. निकामी झालेली बॅटरी उकिरड्यावर फेकणे म्हणजे शिसे आणि इतर विषारी द्रव्ये आपल्याच विहिरीच्या वाटेवर सोडणे. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ सालच्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. पण ती त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम आपलेच आहे.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची. यंत्र आले त्या उत्साहात मी अर्ध्या तासात सारे परस साफ केले आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो. काही दिवसांनी पाहतो, तो तीन वर्षे जपलेले पेरूचे झाड मलूल दिसू लागले. बुंध्याशी वाकून पाहिले. यंत्राच्या फिरत्या नायलॉनच्या दोरीने कोवळी साल सभोवार सोलून निघाली होती. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारी वाटच तुटली होती. हंगाम उलटण्यापूर्वी ते झाड वाळून गेले. विळा हाती असता तर असे घडते ना. विळ्याने कापणाऱ्याला वाकावे लागते आणि वाकणाऱ्याला दिसते. यंत्राने माझे वाकणे वाचविले, तसे माझे पाहणेही वाचविले.

सोय ही नेहमी सावधगिरीला झोपविते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. त्या अनर्थाची कारणे अनेक होती. पण जोराने बारीक तुषार उडविणाऱ्या नव्या पंपांकडेही त्या वेळी बोट दाखविले गेले. दांडा हलविताना हात दुखतो, म्हणून माणूस थांबतो. बॅटरीला दुखत नाही. तेव्हा कोठे थांबावयाचे, हे आता माणसाच्या बुद्धीनेच ठरविले पाहिजे. नाकातोंडावर आवरण, हातांत मोजे आणि वाऱ्याच्या दिशेचे भान यांवाचून तो पंप पाठीवर घेऊच नये.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. आमच्या परसातील निंदणीला एक बाई अनेक वर्षे येत असत. यंत्र आल्यावर मी त्यांना दोन महिने निरोपच धाडला नाही. एके दिवशी बाजारात भेटल्या, तेव्हा त्यांनी विचारले, "गुरुजी, आता आमचं काम सरलं का?" त्या शब्दांत राग नव्हता; म्हणूनच ते मला अधिक लागले. मी वाचविलेला वेळ हा वस्तुतः त्यांचा गेलेला रोज होता.

दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना बोलाविले आणि यंत्र त्यांच्याच हाती दिले. थोड्याच वेळात त्या ते सफाईने चालवू लागल्या. मोकळी जागा त्यांनी यंत्राने कापली. झाडांच्या बुंध्याशी मात्र न सांगता खुरपे घेऊन बसल्या. जे मला एक झाड गमावून कळले, ते त्यांना आधीच ठाऊक होते! काम दुपारपर्यंत आटोपले आणि मी पूर्ण दिवसाची मजुरी दिली. "अर्ध्या दिवसाला पूर्ण रोज कशाचा?" असे एका शेजाऱ्यांनी विचारले. मी म्हटले, "मजुरी कामाची असते, घामाची नसते."

अर्थात केळीचा भाव कोसळलेल्या शेतकऱ्याला अशी उदारता परवडेलच असे नाही, हे मी जाणतो. म्हणूनच मला वाटते, की हत्यार राबणाऱ्याच्या मालकीचे असावे. गावातील महिलांच्या बचत गटांनी अशी यंत्रे घ्यावीत आणि कामे अंगावर घेऊन करावीत. सुताराची करवत सुताराची असते, म्हणून त्याच्या कसबाला किंमत येते. यंत्र मालकाच्या खोलीत राहिले, तर ते मजुराची जागा घेते. मजुराच्या हाती आले, तर त्याचा हात होते.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले. यंत्राला हळदीकुंकू लावले; पण विळ्याच्या शेजारी, त्याच्या आधी नव्हे. आणि त्याला सांगितले, "बाळ, पूजा लोखंडाची नसते आणि विजेचीही नसते. हत्यार धरणारा हात सावध आणि न्यायी राहावा, यासाठी ती असते."