दोषी कंडेन्सरच कशावरून?

अॅम्प्लिफायर चालू करताच स्पीकरमधून येणारी आणि गाणे थांबले तरी न थांबणारी घूंघूं म्हणजे हम. त्याच्या कारणाविषयीचे एक मत इतके रूढ आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. हम आला म्हणजे फिल्टर कंडेन्सर गेला. तो बदलावा, जमल्यास दुप्पट क्षमतेचा घालावा. तरीही हम उरलाच, तर थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकावी. यांतले निदान अर्धसत्य आहे आणि शेवटचा उपाय जिवावर बेतणारा.

निदानाला आधार नाही असे नव्हे. भारतातील घरगुती वीज ५० हर्ट्झची. फुल-वेव्ह रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्धलहरी एकाच दिशेला वळवतो, त्यामुळे पुढे उरणारा चढउतार, म्हणजे रिपल, १०० हर्ट्झचा असतो. तो सपाट करणे हे फिल्टर कंडेन्सरचे काम. त्यातले द्रावण उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जाते, क्षमता घटते आणि रिपल वाढतो. तीस-चाळीस वर्षे जुन्या सेटमध्ये पहिला संशय तिकडे जावा, हे रास्तच.

पण या दोषाचा हम १०० हर्ट्झचा असतो आणि बहुधा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तसाच राहतो. व्हॉल्यूमबरोबर वाढणारा हम त्या बटणाच्या अलीकडून, म्हणजे इनपुटकडून येतो. तिथे पॉवर सप्लायचा कंडेन्सर बदलून सहसा काही साधत नाही. अर्थ लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून बनणारे बंद वर्तुळ), केबलची तुटलेली शील्ड, शेजारी ठेवलेला ट्रान्सफॉर्मर यांचा हम मुख्यतः ५० हर्ट्झचा. मात्र एकट्या कानावर विसंबणेही बरोबर नाही. ५० आणि १०० हर्ट्झ हा एकच स्वर दोन सप्तकांतला, आणि लहान स्पीकर ५० हर्ट्झ नीट वाजवतच नाहीत. ऐकू येतात ते त्याचे वरचे उपस्वर.

मोठ्या कंडेन्सरचा आग्रह तर आणखी फसवा. ढोबळ हिशेबाने १ अँपिअर प्रवाहाला ४७०० मायक्रोफॅरडवर सुमारे २ व्होल्ट रिपल उरतो, १०,००० वर सुमारे १ व्होल्ट. कागदावर फायदा स्पष्ट दिसतो. परंतु रेक्टिफायर कंडेन्सरला सलग प्रवाह देत नाही. लहरीच्या शिखराजवळ थोडाच वेळ देतो. क्षमता वाढली की हे झटके आखूड आणि तीव्र होतात. त्यांची परतीची वाट आणि इनपुटची अर्थ एकाच तारेवरून जात असेल, तर त्या तारेच्या किंचित रोधावर पडणारा व्होल्टेज थेट सिग्नलमध्ये मिसळतो. कंडेन्सर नवा आणि हम आधीपेक्षा जास्त, अशी गत होते.

म्हणून तपासणी बाहेरून आत जावी. आधी इनपुटच्या सर्व केबल काढाव्यात. हम गेला तर अॅम्प्लिफायर निर्दोष. मग एकेक उपकरण जोडत जावे. लॅपटॉपचा थ्री-पिन चार्जर आणि टीव्हीला येणारी केबलची तार हे नेहमीचे गुन्हेगार. सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घेणे, केबलच्या तारेवर आयसोलेटर किंवा सिग्नलच्या वाटेवर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवणे, हे उपाय लूप तोडतात किंवा निदान लहान करतात. रेकॉर्ड प्लेयर असेल तर त्याची वेगळी अर्थ वायर आधी पाहावी, कारण रेकॉर्ड प्लेयरचा सिग्नल घेणारा अॅम्प्लिफायरचा फोनो विभाग ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबलने वर उचलतो. केबल काढूनही हम राहिला, तर इनपुटची मधली पिन शील्डला जोडून शॉर्ट करावी. आता तो थांबला तर उघडे इनपुट हवेतून हम ओढत होते. तरीही थांबला नाही आणि व्हॉल्यूमलाही दाद देत नाही, तेव्हा पॉवर सप्लायकडे वळावे.

अर्थिंगची पिन काढल्याने लूप तुटतो आणि हम जातोही. या उपायाची कीर्ती त्यावरच उभी आहे. पण ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटले की धातूची चेसिस २३० व्होल्टवर येते. अर्थिंग असते तर फ्यूज उडाला असता. ते नसताना परतीची वाट उरते ती शील्डची बारीक तार, किंवा बटणाला हात लावणारा माणूस. हम घालवण्यासाठी अर्थिंग तोडणे कोणत्याही सेटमध्ये समर्थनीय नाही.

कंडेन्सर बदलायचाच ठरला, तर प्लग काढून त्यातला भार आधी रेझिस्टरमधून उतरवावा आणि मीटरने खात्री करावी. वाल्व्हच्या सेटमध्ये स्विच बंद केल्यावरही त्यावर काही शे व्होल्ट उरलेले असू शकतात.