हौशी सायकलवाल्याचा स्पॉन्सर

वाचकहो, आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा अजून गोंधळ होतो. तरी हा लेख मराठीतच लिहितेय, कारण ज्या भांडणाबद्दल लिहायचं आहे ते आमच्या घरी मराठीतच होतं.

बिबवेवाडीच्या आमच्या टू बीएचकेमध्ये माणसं पाच आणि सायकली दोन. माणसं म्हणजे आजी, आई, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ. सायकलींपैकी एक बाबांची एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, आणि दुसरी एका काकांकडून घेतलेली सेकंडहँड, ती माझी. दोन्ही बाल्कनीत तुळशीशेजारी उभ्या असतात. आजी म्हणते, या घरात तुळशीला पाणी मिळायच्या आधी सायकलला आंघोळ घडते. जुना टूथब्रश आमच्याकडे फेकत नाहीत, तो चेन घासायला लागतो. एकदा जुना नसलेलाही गेला होता, तो भावाचा होता, त्यावरून झालेला गोंधळ वेगळा! बेसिनमध्ये ग्रीस, वॉशिंग मशीनमध्ये मुरूम, आणि काही महिने तर फ्रीजच्या दारात लोणच्याशेजारी टायरमध्ये भरायच्या सीलंटची बाटली. तिला फ्रीजची काही गरज नसते हे मी बाबांना दाखवून दिलं तेव्हा कुठे ती हलली.

हे सगळं सुरू झालं २०२० मध्ये. लॉकडाऊन उठत होता, बाबांचं बीपी वाढलं होतं, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. बाबांनी सायकल घेतली. त्या वर्षी सगळ्या जगालाच सायकल हवी होती, त्यामुळे दीड महिना थांबल्यावर ती आली. किंमत आजीला पंधरा हजार सांगितली होती. खरा आकडा इथे छापत नाही, कारण आजी आपलं मॅगझिन वाचते.

सुरुवातीला कात्रजपर्यंत, मग बोपदेव घाट, मग घाटाच्या वर कानिफनाथाच्या बाजूला. आणि एके दिवशी बाबांच्या ग्रुपमधल्या कोणीतरी त्यांना डांबरी सोडून कच्च्या वाटेवर उतरवलं. संपलं! त्या दिवसापासून डांबरी रस्ता म्हणजे त्यांच्यासाठी फक्त मातीपर्यंत पोचायची सोय.

मी २०२१ पासून अधूनमधून त्यांच्याबरोबर जाते, म्हणून त्यात काय आहे ते मला माहीत आहे. पहाटे घाट चढताना कोणी बोलत नाही, नुसता श्वासांचा आवाज. माझ्या सायकलला पुढे २२ दाते आणि मागे ३४ दाते असा सगळ्यात हलका गिअर आहे. २६ इंची चाकाचा परीघ साधारण दोन मीटर, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.३ मीटर पुढे सरकते. (४४ला ११ लावलं तर आठ मीटर, पण ते चढावर लावून दाखवा!) शेजारून एखादे आजोबा चालत पुढे निघून जातात आणि "दमलीस का गं?" असं विचारतात. मग वरती उजाडतं, सुटे दगड, मुरूम, दोन्ही बाजूंना बाभळीचे काटे. उतारावर सीटवरून उठून वजन मागे न्यायचं, दोन बोटं ब्रेकवर, आणि नजर चाकापुढच्या दगडावर नाही, त्याच्या पलीकडे. दगडाकडे बघितलं की चाक बरोब्बर दगडावरच जातं. बाबांनी मला हे शिकवलं. डिरेलर ट्यून करणं, चेन ताणली गेली की मोजून बदलणं, हेही त्यांनीच शिकवलं. मी मेकॅनिकलला का आले असं व्हायवाला विचारतात तेव्हा मी काहीतरी भारी उत्तर देते. खरं उत्तर बाल्कनीत आहे.

या खेळाचा जन्मच मुळी हौशी मंडळींच्या हातून झाला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरिन काउंटीत काही पोरं जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायची. १९७६ मध्ये त्यांनी शर्यती सुरू केल्या. मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस उतारावर जळून जायचं आणि खाली आलं की ते नव्यानं भरावं लागायचं, म्हणून त्या वाटेचं नावच 'रिपॅक' पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ ही नावं तिथलीच. वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला. बाबा ही गोष्ट पाहुण्यांना सांगतात. सगळे कौतुकानं ऐकतात, आई आत चहा टाकते.

आणि इथून माझा मुद्दा सुरू होतो.

प्रोफेशनल सायकलवाल्याला स्पॉन्सर असतो. त्याचे टायर, त्याचं खाणं, त्याचा मेकॅनिक, सगळ्याचे पैसे कोणीतरी देतं आणि त्या बदल्यात जर्सीवर स्वतःचं नाव छापून घेतं. हौशी सायकलवाला मात्र सगळं स्वतःच्या खिशातून करतो, असं आपण समजतो. पैशांपुरतं ते खरं असेल. पण रविवारचे पाच तास कुठून येतात? ते काही सायकलच्या दुकानात मिळत नाहीत.

वर्क स्टडी शिकताना आपल्याला फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे जोडपं भेटतं. कामातल्या प्रत्येक हालचालीचा अभ्यास करणारे नवरा-बायको, त्यांना मुलं बारा! १९२४ मध्ये फ्रँक गेल्यावर लिलियनबाईंनी हेच शास्त्र स्वयंपाकघराला लावलं. ते वाचून मी एका रविवारी (मला सबमिशन होतं, राइडला गेले नव्हते) आमच्या घराचा टाइम स्टडी केला. जर्नलच्या मागच्या पानावर, कोणाला न सांगता.

आई ४:५० ला उठली. बाबांचा चहा, राजगिऱ्याचे दोन लाडू कागदात, बाटलीत लिंबू-मीठ-साखर. बाबा ५:१५ ला बाहेर, ९:४० ला परत. मग ५० मिनिटं सायकल धुणं, आंघोळ, नाश्ता, आणि नाश्त्यानंतर "थोडं पडतो". त्या वेळात आईनं दूध, आजीची औषधं, आजीच्या गुडघ्याला शेक, थालीपीठं (बाबा आल्यावर गरम हवीत म्हणून दोन हप्त्यांत), चिखलाचे कपडे आधी हातानं एकदा आणि मग मशीनमध्ये, भाजी, भावाचा संस्कृतचा धडा, पुन्हा स्वयंपाक. दिवसअखेरीस बाबांचे स्वतःचे असे तास झाले साडेसहा. आईची मिनिटं झाली २५, आणि तीही ती मावशीशी फोनवर बोलत होती म्हणून मी धरली. बोलताना ती लसूण सोलत होती. नियमाप्रमाणे तीही धरता आली नसती.

आमचंच घर असं आहे असं कोणी समजू नये. सरकारनं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता आणि पुरुषांचा ९७ मिनिटं. त्यातही असं काम करणाऱ्या बायका शंभरात ८१ आणि पुरुष २६. आई तर बँकेत नोकरीही करते, पण ते असो.

या वह्या-आकड्यांपर्यंत मी आले ते एका कागदामुळे. १३ ऑगस्ट २०२३, रविवार. पावसानं वाट निसरडी झालेली, बाबा एका ओल्या दगडावरून घसरले आणि कॉलरबोन मोडली. सहा आठवडे हात गळ्यात. शर्टाची बटणं आई लावायची. कारचं ड्रायव्हिंग आईकडे, आजीला घेऊन डॉक्टरकडे आई, आणि त्याच दिवसांत माझ्या अॅडमिशनच्या कॅप राउंडची धावपळ, तीही आईच. बाबांना भेटायला त्यांचा सगळा ग्रुप आला. फार प्रेमळ लोक आहेत, खोटं कशाला बोलू? फळं आणली, धीर दिला, पुढच्या सीझनचे बेतही झाले. जाताना एक काका म्हणाले, "वहिनींचा सपोर्ट आहे म्हणून जमतं हे सगळं." आई हसली. मीही हसले, मला ते कौतुकच वाटलं होतं.

नंतर सेकंड इयरला एका फॉर्मसाठी मी आईची कागदपत्रं शोधत होते. तिच्या फाइलमध्ये एक हॉल तिकीट सापडलं. बँकेची प्रमोशनची परीक्षा, २७ ऑगस्ट २०२३. न फाडलेलं, कोऱ्या सहीच्या चौकटीसकट. आई परीक्षेला बसणार होती हे घरात एकालाही माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, तेव्हा कुठे जमणार होतं? देईन की नंतर." आणि फाइल माझ्या हातातून घेऊन कपाटात ठेवली.

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण फ्री बॉडी डायग्राम काढतो तेव्हा सपोर्ट पुसून टाकतो आणि तिथे रिअॅक्शनचा बाण दाखवतो. तो बाण विसरला की सर पूर्ण मार्क कापतात. मला एकदम त्या काकांचं वाक्य आठवलं. 'सपोर्ट' हा शब्द आपण सगळे किती सहज वापरतो, बाण कोणीच काढत नाही.

मी संतापले होते, आणि थेट बाबांवर गेले. ते हॉल तिकीट त्यांच्यासमोर धरलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला सांगितलं असतं तर..." आई आतून म्हणाली, "अहो, काय केलं असतंत? हात गळ्यात होता तुमचा." त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पण खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. कारण त्या थालीपिठांच्या दोन हप्त्यांतला एक, ज्या रविवारी मी जायचे, तो माझा असायचा. चिखलाचे कपडे माझेही असायचे. बाबांना सवय लागायला पंचेचाळीस वर्षं लागली असतील, मला मुलगी असूनही सोळाव्या वर्षीच लागली. सायकलवरून आलं की घरात गरम काहीतरी असतं, हे मी गृहीतच धरलं होतं, पाइपमध्ये पाणी असतं तसं.

आमच्या वर्गात मी हे बोलले तेव्हा दोन प्रकारची उत्तरं आली. एक म्हणजे, "मग काय, छंद सोडून द्यायचे?" अजिबात नाही. सायकलच्या आधीचे बाबा मला आठवतात. ऑफिसमधून आले की टीव्ही, आणि आमच्यावर खेकसणं. आता त्यांचं बीपी आटोक्यात आहे, रात्री झोप लागते, आणि आमच्याशी बोलायला त्यांच्याकडे काहीतरी असतं. ते परत सोफ्यावर जावेत असं आईलाही वाटत नाही. मला त्यांची राइड बंद करायची नाही, तिचा हिशेब मांडायचा आहे. नवा टायर घ्यायचा तर आमच्याकडे चर्चा होते, महिन्याचं बजेट बघतात. पाच तास घ्यायचे तर कोणी कोणाला विचारत नाही, फक्त आदल्या रात्री "उद्या लवकर उठायचंय" अशी घोषणा होते.

दुसरं उत्तर होतं, "आईलाही सायकल घेऊन द्या ना!" हे बाबाही म्हणाले होते, अगदी मनापासून. आई कॉलेजला असताना सहकारनगरातून रोज सायकलनं जायची, तिला येत नाही असं नाही. तिनं शांतपणे सांगितलं, "मला सायकल नको. रविवारी सकाळी सात ते दहा मला कोणी हाक मारू नका." एवढंच. किती साधी मागणी, आणि ती पाळताना आमची काय तारांबळ उडाली ते आम्हालाच माहीत. पहिल्या रविवारी पावणेआठलाच भावानं दारावर टकटक केली, का तर पांढरे मोजे कुठे आहेत!

आपल्यापैकी निम्मे जण रविवारी ट्रेकला जातात, काही बुलेटवर भटकतात, क्रिकेटवाले तर आहेतच. तुमची आवड मला समजते, माझीही तीच आहे. मला फक्त एवढंच विचारायचंय की पहाटे चारला डबा कोण भरून देतं, आणि त्या माणसाचा रविवार कितीला सुरू होऊन कितीला संपतो, हे घड्याळ लावून एकदा बघितलंय का? नुसतं "थँक यू आई" लिहून स्टेटस टाकणं मला आता फसवं वाटतं. माझं स्वतःचं तसं स्टेटस होतं, सूर्योदयाचा फोटो लावून.

आमच्याकडे सगळं बदललं असं मुळीच नाही. बाबांची थालीपीठं फाटतात, आजी त्यांना नकाशे म्हणते आणि तव्याशेजारी उभी राहून सूचना देते. चिखलाचे कपडे आता ज्याचे तो धुतो, मशीनमधला मुरूम थोडा कमी झाला आहे. ग्रुपवाले बाबांना चिडवतात की दर रविवारी दिसत नाहीस हल्ली. त्यांना हिमाचलमध्ये एका कित्येक दिवसांच्या शर्यतीला जायचं आहे, त्याचा फॉर्म टेबलावर पडून आहे. आईनंही तिचा फॉर्म भरला आहे. दोन्ही तारखा जवळजवळ येतील अशी शक्यता आहे, आणि त्यावर घरात अजून कोणी मोठ्यानं बोललेलं नाही.

सध्या मी आणि बाबा आळीपाळीनं राइडला जातो, दोघं एकदम नाही. आज बाबांचा नंबर होता, म्हणून हा लेख लिहून झाला. आई आतल्या खोलीत अभ्यास करतेय. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या याकडे माझं लक्ष नव्हतं, बहुतेक चार झाल्या. उठते.