पस्तीस टक्क्यांची मिरवणूक

बक्षीस समारंभाच्या फोटोत आपण आधी पहिल्या नंबराकडे बघतो. कधी तरी दुसऱ्या आणि तिसऱ्याचे चेहरे न्याहाळून बघा. शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो असो की ऑलिम्पिकचा, तिसरा बहुधा मनापासून हसत असतो. दुसऱ्याचं हसू फोटोग्राफर ‘स्माइल’ म्हणाला म्हणून ओठांवर आलेलं असतं. कागदावर दुसरा पुढे, चेहऱ्यांचा निकाल मात्र उलटा.

हा काही माझा शोध नाही. मेडवेक, मेडी आणि गिलोविच या तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकचं टीव्ही चित्रण विद्यार्थ्यांना आवाज बंद करून दाखवलं आणि खेळाडूंच्या चेहऱ्यावरच्या आनंदाला दहापैकी गुण द्यायला सांगितले. स्पर्धेचा निकाल लागला त्या क्षणी रौप्यवाल्यांना सरासरी 4.8 गुण मिळाले, कांस्यवाल्यांना 7.1. पुढे व्यासपीठावर पदक घेताना हा फरक कमी झाला, पण मिटला नाही. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दिलेलं कारण कोणालाही पटावं असं आहे. रौप्यवाला सुवर्ण किती थोडक्यात हुकलं ते मोजत बसतो. कांस्यवाला म्हणतो, वाचलो, नाही तर हात हलवत परतलो असतो.

दहावीच्या निकालाच्या दिवशी हाच खेळ इमारतीच्या जिन्यात चालतो. बेल वाजते, दारात पेढ्यांचा बॉक्स घेऊन मुलगी उभी आणि मागे तिची आई.

‘काकू, चौऱ्याण्णव पॉइंट वीस.’

‘अगं, वा! शाब्बास!’

आपण पेढा उचलेपर्यंत आई सुरू झालेली असते. ‘गणितानं घात केला हो. नाही तर शहाण्णव कुठे गेले नव्हते. वरच्या मजल्यावरच्याला पंच्याण्णव पडलेत.’ मुलगी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहते. पेढा आपल्या तोंडात असतो आणि काय बोलावं ते सुचत नाही.

त्याच दिवशी महाराष्ट्रात कुठे तरी एखाद्या पोराला सगळ्या विषयांत बरोब्बर पस्तीस पडलेले असतात. त्याची बातमी होते. मित्र त्याला खांद्यावर घेतात, गुलाल उधळतात, हलगी नाही तर डीजे लागतो, चौकात बॅनर झळकतो. शहाणी माणसं नाकं मुरडतात की असल्या गुणांचं कौतुक कसलं! पण जिन्यातल्या त्या मुलीपेक्षा हा पोरगा त्या संध्याकाळी जास्त सुखी असतो हे नाकारता येत नाही. चौतीस आणि पस्तीसमधलं अंतर त्याला नेमकं ठाऊक असतं. शिवाय त्याच्याकडे आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे नंतर येतो.

तुलना करू नका, असा सल्ला यावर सर्रास दिला जातो. देणाराही तो पाळत नाही. 1998 साली सोलनिक आणि हेमेनवे या दोघांनी हार्वर्डमधल्या लोकांपुढे एक कल्पित निवड ठेवली. एका जगात तुमचं वार्षिक उत्पन्न 50 हजार डॉलर आणि इतरांचं 25 हजार. दुसऱ्या जगात तुमचं 1 लाख, पण इतरांचं 2 लाख. वस्तूंच्या किमती दोन्हीकडे सारख्याच. जवळपास निम्म्या लोकांनी पहिलं जग निवडलं. म्हणजे निम्मे पैसे चालतील, पण शेजाऱ्याहून कमी नकोत! या अभ्यासात लोकांना सुट्टीबद्दलही विचारलं होतं. तिथे मात्र बहुतेकांनी इतरांच्या सुट्टीकडे न बघता स्वतःला जास्त दिवस कशात मिळतात तेवढंच पाहिलं. पगाराचा आकडा मिरवता येतो, फ्लॅटचं क्षेत्रफळ सांगता येतं. दुपारी पंखा लावून काढलेली झोप कोणाला दाखवणार? जे दाखवता येत नाही त्याची तुलना कमी होते, आणि तेवढ्यापुरते आपण सुटतो.

गंमत म्हणजे सुख मोजणारी यंत्रणासुद्धा आपण तुलनेलाच जुंपली आहे. दरवर्षी 20 मार्चच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आनंद दिनाच्या सुमारास जागतिक आनंद अहवाल येतो. त्याची क्रमवारी एकाच प्रश्नावर ठरते. डोळ्यांसमोर एक शिडी आणा. सर्वांत वरची दहावी पायरी म्हणजे तुम्हाला मिळू शकेल असं उत्तमातलं उत्तम आयुष्य, तळाशी शून्य म्हणजे वाईटातलं वाईट. सध्या तुम्ही कितव्या पायरीवर आहात? हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकन संशोधकाची ही शिडी. 2025 च्या अहवालात फिनलंड सलग आठव्यांदा पहिला आला. त्याचे गुण साधारण 7.7 होते. भारत 147 देशांत 118 वा, गुण साधारण 4.4. आपल्याकडे चर्चा कसली झाली? पाकिस्तान 109 वा असून आपल्या पुढे कसा! आनंदाच्या यादीतही शेजाऱ्याची पायरी आधी बघितली.

शिडीच्या त्या प्रश्नात हसता किती, गाता किती असलं काही नाही. फिनलंडची माणसं मोजकं बोलणारी, लांबलचक अंधाऱ्या हिवाळ्यात राहणारी म्हणून ओळखली जातात. पण आजारी पडलो, नोकरी गेली, म्हातारपण आलं तर काय होईल, हा घोर त्यांना आपल्याइतका नसतो. आणि त्यांना एकमेकांची खात्री वाटते. 2025 च्या अहवालाने याच खात्रीवर बोट ठेवलं. हरवलेलं पाकीट परत मिळेल असं ज्यांना वाटतं ते जास्त सुखी असतात, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा प्रत्यक्षात पाकिटं कितीतरी जास्त परत मिळतात.

पाकिटाच्या बाबतीत तर आपल्याला कॉलर ताठ करायला जागा आहे. 2013 मध्ये रीडर्स डायजेस्टने जगातल्या 16 शहरांत प्रत्येकी 12 पाकिटं मुद्दाम ‘हरवली’. आत मोबाइल नंबर, घरच्यांचा फोटो आणि सुमारे 50 डॉलरच्या मोलाची स्थानिक रोकड. फिनलंडच्या हेलसिंकीत 11 पाकिटं परत आली, पहिला नंबर. दुसरा नंबर मुंबईचा, 12 पैकी 9. बारा पाकिटांवरून शहराची नियत ठरत नाही हे मान्य. तरी शिडीवर आपण आणि फिनलंड यांच्यात एवढं अंतर आणि पाकिटाला हात लावताना हेलसिंकी आणि मुंबई शेजारी शेजारी! मुंबईच्या लोकलमध्ये खचाखच गर्दीत अनोळखी माणसाच्या मांडीवर पिशवी ठेवून आपण निर्धास्त उभे राहतो. आणि घरी आल्यावर म्हणतो, कोणावर विश्वास ठेवायचे दिवस राहिले नाहीत.

हेलसिंकीचं नाव निघालं की मराठी माणसाला आणखी एक माणूस आठवायला हवा. 1952 चं ऑलिम्पिक तिथेच झालं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तिथे बँटमवेट गटात फ्रीस्टाइल कुस्ती खेळले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला 1996 पर्यंत, लिअँडर पेसच्या कांस्यपदकापर्यंत थांबावं लागलं.

रौप्य-कांस्याचा तो हिशेब लावला तर खाशाबांना हळहळायला पुरेपूर कारण होतं. जपानच्या इशीबरोबरची त्यांची लढत लांबली आणि ते हरले. लगोलग त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. मधली विश्रांती नियमाने मिळायला हवी होती, पण त्यांच्या बाजूने भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. थकलेले खाशाबा तीही लढत हरले. इशीला सुवर्ण, सोव्हिएत मल्लाला रौप्य. थोडक्यात हुकलं म्हणावं तर ते असं.

आणि तरी ते परतले तेव्हा कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पायी गेलं तरी फार वेळ लागू नये एवढं अंतर कापायला कित्येक तास लागले. असं का झालं ते समजायला आधीची गोष्ट माहीत हवी. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. त्या पदकात कोणाचे आठ आणे होते, कोणाचा रुपया होता, एका गुरूचं अख्खं घर होतं. कोणता नंबर आला हे विचारायची त्या गावाला गरजच नव्हती. पदक त्यांचंही होतं.

परतल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, जिंकले आणि ते पैसे खर्डेकरांचं घर सोडवायला दिले. दुसऱ्यासाठी पैसे खर्च करण्यातल्या सुखावर 2008 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. कॅनडात काही लोकांना सकाळी लिफाफ्यात 5 किंवा 20 डॉलर दिले. निम्म्यांनी संध्याकाळपर्यंत ते स्वतःवर उडवायचे, निम्म्यांनी दुसऱ्यासाठी खर्च करायचे. संध्याकाळी दुसऱ्यासाठी खर्च केलेले जास्त खुशीत होते आणि पाच मिळाले की वीस याने फरक पडला नाही. कोल्हापूरच्या त्या मैदानात घाम गाळणाऱ्या पैलवानाला हे सांगायला नियतकालिकाची गरज नव्हती.

पस्तीस टक्केवाल्याकडे असलेली ती दुसरी गोष्ट हीच. त्याची मिरवणूक काढणारी पोरं त्याच्या काठावरच्या प्रवासात सामील असतात. कोणी नोट्स आणून दिल्या, कोणी पेपरच्या आदल्या रात्री भूमितीची प्रमेयं घोकून घेतली. चौऱ्याण्णववाल्या मुलीचा अभ्यास तिने एकटीने, खोलीचं दार लावून केलेला असतो, आणि निकाल लागल्यावर सगळे फक्त परीक्षक होतात. मन आवरा, खाली बघा, आहे त्यात समाधान माना, हे तिला सांगण्यात अर्थ नाही. तिचं यश कोणाला आपलं वाटतं, हा खरा प्रश्न आहे. सुखाचा शोध आपण एकेकट्याने घ्यायचं काम करून टाकलं आहे. पुस्तकं एकट्याला सांगतात की पहाटे उठा, दीर्घ श्वास घ्या, कृतज्ञतेची वही लिहा. त्यात वाईट काही नाही. पण मिरवणूक एकट्याला काढता येत नाही.

अर्थात गुलाल दोन दिवसांत धुतला जातो. खाशाबा पुढे पोलीस दलात रुजू झाले, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. 1984 मध्ये रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं 2010 मध्ये. गावाने दिलं ते मनापासून दिलं, पण म्हातारपणी महिन्याच्या महिन्याला हातात पडणाऱ्या पैशाची जागा कुठलीही बैलगाडी घेऊ शकत नाही. फिनलंडच्या आकड्यामागे माणसांचा एकमेकांवरचा विश्वास जसा आहे तसा सरकारी खिडकीवरचा विश्वासही आहे. आपल्याकडे पहिला पुष्कळ आहे, फक्त आपण तो मान्य करत नाही. दुसरा कमवायचा आहे, आणि तो ध्यानधारणेने येणार नाही.

तेव्हा मिरवणूक गावाने काढावी आणि पेन्शन सरकारने वेळेवर द्यावी. एवढं जमलं की मग खुशाल शिडी घेऊन या आणि पायरी विचारा.