आपला माणूस आणि योग्य माणूस

नगरसंस्थेची निवडणूक जवळ आली, की आमच्या पेढीवर येणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "उमेदवार कोणाचा?" मराठी की कानडी, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, एवढे कळले म्हणजे चौकशी संपते. बेळगावसारख्या सीमेवरील नगरात हे घडावे, यात नवल नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर येथील निवडणुकांवर दीर्घकाळ भाषेचीच छाया होती. २०२१ च्या सप्टेंबरात महानगरपालिकेच्या ५८ जागांची निवडणूक पक्षचिन्हांवर लढली गेली व भारतीय जनता पक्षास ३५ जागा मिळाल्या. फलक बदलला, प्रश्न मात्र तोच राहिला. कारण प्रभागातील जातींची मोजदाद पक्षांच्या बैठकीतही होतच असते.

या दोषापासून आपण अलिप्त आहोत, असे आम्हांस म्हणवत नाही. काही वर्षांपूर्वी एक उमेदवार केवळ 'आपला' म्हणून आम्ही त्यास मत दिले, चार दुकानांतून देणगीही जमवून दिली. तो निवडून आला. पुढे एका पावसाळ्यात तुंबलेल्या नाल्याचे पाणी गुदामात शिरले आणि तांदळाची व डाळीची पोती भिजली. आम्ही त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो नाला कोणत्या खात्याकडे आहे व त्याच्या सफाईस अंदाजपत्रकात किती तरतूद आहे, हे त्यास सांगता येईना. तो गृहस्थ लबाड नव्हता. त्यास काम ठाऊक नव्हते आणि आम्ही ते आधी विचारले नव्हते. दोष आमचाच होता.

पोत्यावरचा छाप पाहून आपण माल उचलतो काय? पोकळ सळई खुपसून वानगी हातावर घेतो, दाणा दाताखाली धरून पाहतो, मगच भाव बोलतो. शंभर पोत्यांच्या सौद्यात जी दक्षता, ती पाच वर्षांच्या कारभाराच्या सौद्यात का नसावी?

१९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांसाठी १८ विषय नमूद केले आहेत : पाणी, रस्ते, आरोग्य, कचरा, नगररचना इत्यादी. राकसकोपचे पाणी नळास किती दिवसांनी येते, हे नळ मालकाची जात पाहून ठरत नाही. भाषेचा अभिमान आम्हांसही आहे. सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. तो प्रश्न नगरसेवकाच्या हाती नाही. परंतु पालिकेची कागदपत्रे मराठीत मिळावीत, ही मागणी रास्त असून तिच्यासाठीही नुसती घोषणा देणारा नव्हे, तर कायदा वाचणारा प्रतिनिधीच हवा.

काही बंधू म्हणतात, शिक्षणाची अट कायद्यानेच घालावी. हरियाणाने २०१५ साली पंचायतींसाठी तशी अट घातली. सर्वसाधारण उमेदवारास मॅट्रिक ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने ती मान्यही केली. राजस्थानने मात्र अशीच अट घालून २०१९ मध्ये ती काढून टाकली. आम्ही स्वतः मॅट्रिक आहोत. पण हिशेब शिकलो तो आमच्या वडिलांच्या मुनीमजींकडून, ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. ज्यांना शाळा मिळाली नाही, त्यांना दारातच अडविणे अन्यायाचे होय. पारख मतदाराने करावी. दाखल्यावर सोपवू नये.

कै. अण्णासाहेब लठ्ठे आपल्याच समाजातले. बेळगावात त्यांनी वकिली केली आणि १९३७ साली मुंबई इलाख्याच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. मूठभर जैनांच्या मतांवर हे पद मिळते ना. ते मिळाले योग्यतेने. आपल्या धर्मानेही मोक्षमार्गासाठी सम्यक् दर्शन, ज्ञान व चारित्र्य सांगितले, कुळ सांगितले नाही.

म्हणून सर्व व्यापारी बंधूंस आमची विनंती अशी, की येत्या निवडणुकीत संघाने कोणासही 'समाजाचा उमेदवार' म्हणून पाठिंबा देऊ नये. प्रभागातील सर्व उमेदवारांस, आपल्यांसही व परक्यांसही, संघाच्या सभागृहात बोलवावे आणि नाला, पाणी, कर व अंदाजपत्रक यांविषयी समोरासमोर विचारावे. उत्तर देईल तो आपला. न देणारा आमचा सख्खा पुतण्या असला, तरी मत त्यास नाही.