ओळखीचं कोण हाय?

पन्नाशीतल्या माणसाला नोकरी मिळत नाही, कारण त्याला कॉम्प्युटर येत नाही, असं सांगणारे आता गल्लोगल्ली झालेत. कोर्स करा म्हणतात. हसतमुख राहा म्हणतात. अरे, आधी त्याची खुर्ची कुणी ओढली ते सांगा!

2019 साली बीएसएनएलनं पन्नाशीच्या आणि वरच्या नोकरांपुढं स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला. आधी पगार रखडवायचे, मग स्वेच्छा विचारायची! 31 जानेवारी 2020 ला सुमारे 78 हजार माणसं एका दिवसात बाहेर. पेन्शन मिळाली ना, म्हणाल. त्यात दोन पोरांची कॉलेजं निघतात का? अन् ह्या खुर्च्यांत आमच्याही खुर्च्या होत्या, राखीव. माणूस गेला, त्याच्यामागं जागाबी गेली. जागाच नाही तर राखीव काय ठेवणार, कपाळ? घटनेतलं एक अक्षर न खोडता काम फत्ते.

सरकारी भरतीत परत जावं तर महाराष्ट्रात मागासवर्गीयांची वयाची हद्द 43. ते दार बंद.

मग खाजगीत जा. तिथं निव्वळ गुणवत्ता, असं छाती फुगवून सांगतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली ही छाती मापून दाखवली. पेपरातल्या जाहिरातींना अर्ज धाडले. शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता तिसऱ्या हिश्श्यानं कमी भरली. ते अर्ज तर ताज्या पदवीधर पोरांचे होते. तेच नाव, वर वय अठ्ठेचाळीस, मग काय भाव येणार?

ह्या वयात नोकरी जाहिरातीनं क्वचितच लागते, लागते ओळखीनं. कुणाचा मेव्हणा मॅनेजर, कुणाचा कॉलेजातला दोस्त डायरेक्टर. त्यांच्या वशिल्याला नेटवर्क म्हणायचं, आमच्या राखीव जागेला मेहेरबानी! आमच्या कारकुनाचा बाप गिरणीत, आजा गावची मेलेली ढोरं ओढणारा. ह्याची ओळख कुणाशी? वस्तीशी. अन् वस्ती तर ह्याच्याकडंच पोरांची नोकरी मागायला येती. म्हणून तो नोकरी गेल्याचं सांगत नाही. सकाळी डबा घेऊन निघतो, स्टेशनात बसून राहतो.

चळवळीतल्या भावांनो, खाजगीतल्या राखीव जागा मागताना त्या विशीतल्या पोरांपुरत्या मागू नका. काढून टाकलेला पन्नाशीचा कारकून त्या मागणीत लिहा. पुढारी म्हणतात, हा मध्यमवर्गाचा प्रश्न. जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या तीस वर्षं ह्याच मध्यमवर्गाच्या नावानं फाडल्या ना? मग मोर्चात त्याचा एक फलक धरायला आता हात जड का होतोय?