नाकांचे ठसे

राणीच्या बागेत पाऊल टाकले नाही असा मुंबईतला कष्टकरी माणूस शोधूनही सापडायचा नाही. पोरांना सुट्टी लागली, गावाकडून पाहुणे आले, की चपाती-भाजीचा डबा बांधायचा आणि भायखळ्याला उतरायचे. पूर्वी हत्तीपुढे गर्दी असायची, २०१७ पासून पेंग्विनपुढे असते. पण त्याच आवारात एक जुनी देखणी इमारत उभी आहे, तिच्या पायऱ्या चढणारे थोडे. तिकीट निराळे, आणि आत जनावर नाही. मग पोरांना दाखवायचे काय, असा आपला हिशेब.

वाचकहो, ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी उघडले, तेव्हा त्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणत. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. भाऊ दाजी म्हणजे मुंबईतले गेल्या काळातले नामांकित डॉक्टर, महारोगावर औषध शोधणारे आणि अजिंठ्याच्या लेण्यांतले शिलालेख वाचणारे. इमारत मधल्या काळात फार खराब झाली होती. तिची मोठी दुरुस्ती होऊन २००८ साली ती पुन्हा उघडली. आत सोने-नाणे फारसे नाही. आत आहे ती माती. निरनिराळे धंदे करणारी माणसे, त्यांचे पोशाख, त्यांच्या पगड्या, खेळ, पारशांच्या दखम्याची प्रतिकृती, असे सगळे लहान लहान आकारात करून मांडलेले आहे.

हे बघायचे कसे, ते मला शिकवले आमच्या वसाहतीतल्या एका गृहस्थांनी. दुसऱ्या एका संग्रहालयात ते गेली तीस वर्षे मॉडेलर आहेत, म्हणजे प्रतिकृती करणारे कारागीर. नाव छापू नका म्हणाले, म्हणून आपण त्यांना मास्तर म्हणू. वसाहतीतही सगळे मास्तरच म्हणतात. शाळेत असताना ड्रॉइंगच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा त्यांनी दिल्या, एका शिक्षकाने हाताला धरून जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या फाटकापर्यंत नेले आणि तिथून पुढे मातीशी जन्माची गाठ पडली. वडील गोदीत हमाल. पोरगा चिखल कालवायला शिकतो आणि त्यालाच कॉलेज म्हणतो, हे त्यांना शेवटपर्यंत उमगले नाही.

भायखळ्याच्या त्या मातीच्या माणसांसमोर मास्तर मला म्हणाले, "भाऊ, चेहरा बघू नका. चेहरा कुणालाही जमतो. हात बघा, आणि बसलेल्या माणसाचे गुडघे बघा. दिवसभर उकिडवा बसून काम करणारा माणूस कसा बसतो, हे ज्याने स्वतः पाहिलेय त्यालाच हे करता येते."

मला मात्र त्या पगड्यांचा राग आला होता. साहेबाच्या राज्यात या देशातली माणसे जातीवारीने मोजायची, जातीवारीने मांडायची अशी रीतच पडली होती. ही अमक्याची पगडी, ही तमक्याची, जणू दुकानातले कापडाचे नमुने. मी तसे बोललो. मास्तरांनी माझे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मांडणाऱ्याने जात मांडली, खरे आहे. करणाऱ्याचा जीव कामावर होता. दोघांचे खाते वेगळे ठेवा." मी बी.कॉम. असल्याचे त्यांना ठाऊक आहे, म्हणून हा टोला.

आता मास्तरांचा दिवस सांगतो. लोकांना वाटते म्युझियमची नोकरी म्हणजे पंख्याखाली खुर्ची टाकून बसणे. मास्तर नऊच्या ठोक्याला आत असतात. फाटक उघडायच्या आधी त्यांची एक फेरी असते आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दिवसातली सर्वांत मजेची घटका तीच. कारण काचांवर आदल्या दिवसाचे ठसे असतात. बोटांचे नव्हे, नाकांचे! पोरे काचेला नाक लावून बघतात. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर नाकांचे ठसे दाट असले की समजायचे, ही मांडणी पोरांना आवडली. एखाद्या काचेवर एकही ठसा नसला की मास्तर अस्वस्थ होतात. वरिष्ठांना अहवालात आकडे लागतात, मास्तर नाकांवर भागवतात. सफाई करणाऱ्या मावशींना त्यांनी सांगून ठेवले आहे, "माझी फेरी होईस्तोवर काच पुसू नका." मावशी म्हणतात, या माणसाचे डोके फिरले आहे. पण थांबतात.

मग मऊ ब्रशाने धूळ काढणे. धूळ फुंकायची नाही, कारण फुंकरीत थुंकीचा ओलावा असतो. ओले फडकेही सरसकट लावायचे नाही. बुटांच्या खोक्यात ती दाण्यांची पुडी येते ना, 'खाऊ नये' असे लिहिलेली, त्याच सिलिका जेलचे दाणे वस्तूंच्या कपाटात ठेवतात, दमट हवा शोषून घेण्यासाठी. मुंबईच्या पावसाळ्यात ते लवकर दमतात. मग त्यांना गरम करून वाळवायचे आणि परत ठेवायचे. कागद आणि कापड यांना कसर लागते, बुरशी धरते आणि उजेडाने तर ती मरतातच. म्हणून जुन्या कपड्यांपुढे दिवा मंद ठेवतात. पन्नास लक्सच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणजे आपल्या घरात पोरे अभ्यासाला बसतात त्या उजेडाच्या पुष्कळच कमी. एकदा उडालेला रंग परत येत नाही.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो. पुण्याला सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय आहे. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू, त्यांचे व्हायोलिन, १९९० साली त्यांना मरणोत्तर दिलेले भारतरत्न तिथे आहे. आपली माणसे सहलीने जातात, डोळे भरून येतात आणि मग कुणीतरी कुरकुरते, "इतका अंधार का ठेवलाय? बाबासाहेबांच्या वस्तूंवर चांगला लख्ख उजेड नको का?" मास्तरांना विचारले तर ते म्हणाले, "कापडावर लख्ख उजेड टाकला तर तुम्ही बघाल, तुमच्या नातवाला बघायला काय उरेल?" मोबाईलचा फ्लॅश मारणाऱ्या आपल्या तरुणांनाही हे सांगावे लागते. गाडीतून उतरण्याआधीच सांगितलेले बरे, आत गेल्यावर कोण ऐकतो!

दुपारनंतर मास्तर आपल्या खोलीत. खोली म्हणजे मागच्या अंगाचे पत्र्याचे शेड. तारेचा सांगाडा वळायचा, त्यावर काथ्या गुंडाळायचा म्हणजे माती धरून राहते, मग शाडूचा हात द्यायचा. शाडू वाळली की तडकते, म्हणून आकृती मनासारखी झाली की तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा. प्लास्टर पाण्यात टाकायचे, पाणी प्लास्टरमध्ये नव्हे, हा त्यांचा पहिला धडा. उलटे केले की गुठळ्या होतात. भिजवलेले प्लास्टर घट्ट होताना आपोआप गरम होते. थंडीच्या दिवसांत त्या साच्यावर तळहात ठेवून बसायला त्यांना फार आवडते. "चुलीपुढे बसल्यासारखे वाटते," म्हणतात. पगारपत्रकात हे सुख धरत नाहीत.

वहिनींची बाजूही सांगितली पाहिजे. रविवार म्हणजे म्युझियमला गर्दीचा दिवस, त्यामुळे मास्तरांची सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी. तीस वर्षांत लग्ने, बारसी, विहारातले कार्यक्रम यांना वहिनी एकट्या गेल्या. त्यातून सुट्टीच्या दिवशीही अर्धवट आकृतीवरचे फडके सुकेल म्हणून हा गृहस्थ दुपारी लोकलने जाऊन पाणी शिंपडून येतो. पँटीच्या खिशातून खडूसारखी पांढरी भुकटी निघते, ती बालदीत इतर कपड्यांना लागते. वहिनी म्हणतात, "घरात माझी तीन माणसं आणि तिकडं यांची शंभर माणसं."

त्या शंभर माणसांतल्या एका बाईसाठी हा लेख लिहायला घेतला.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या संग्रहालयात जुन्या महाराष्ट्रातल्या गावाचा देखावा करायचे ठरले. कागदावरचा आराखडा मास्तरांच्या हातात आला. पाटलाचा वाडा, देऊळ, पार, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया आणि मथळा 'बारा बलुतेदारांचे गाव'. मास्तरांनी आकृत्या मोजल्या. सुतार होता, लोहार होता, कुंभार, न्हावी, परीट, गुरव सगळे होते. मोजून नऊ भरले. महार, मांग, चांभार नव्हते.

मास्तर आराखडा घेऊन वरिष्ठांकडे गेले. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, कागद पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "त्यांची वस्ती गावाबाहेर असते हो. आपल्या चौकटीत फक्त गाव येतं."

हे वाक्य मास्तरांनी मला दहा वेळा तरी सांगितले असेल. त्यांना त्यात राग येण्यापेक्षा नवल जास्त वाटते. गावाने जे केले तेच पुन्हा लाकडी चौकटीत, काच लावून, सरळ मनाने करायचे! ते एवढेच म्हणाले, "साहेब, चौकट थोडी सरकवू या." बरीच घासाघीस होऊन उजव्या कोपऱ्यात एक फूट जागा मिळाली. तीन माणसे त्यात मावत नव्हती. एक मावली.

विहिरीपासून दूर, रिकामे मडके घेऊन उभी असलेली बाई. कुणी येईल आणि वरून पाणी ओतील म्हणून वाट बघणारी. वीतभर उंचीची. तिच्या अंगावरचे लुगडे मास्तरांनी स्वतःच्या आईच्या विरलेल्या लुगड्याच्या चिंधीचे केले. चिंधी पातळ सरसात बुडवून निऱ्या बसवल्या आणि मग रंगाचा हात दिला. मान त्यांनी तीनदा मोडून परत केली. खाली घातली तर लाचार दिसे, वर केली तर खोटी. शेवटी तिला सरळ विहिरीकडे बघायला लावले. पाटी लागली ती फक्त 'गावातील पाणवठा'.

वर्षभर कुणी चकार शब्द काढला नाही. कारण कुणी ती बाई पाहिलीच नाही, असे मास्तरांचे मत. मग एक दिवस महापालिकेच्या शाळेची सहल आली आणि त्यातल्या एका मुलीने विचारले, "बाई, ही लांब का उभी आहे? तिचा नंबर कधी?" वर्गशिक्षिका थबकल्या. मग त्यांनी पोरांना तिथेच जमिनीवर बसवले आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय झाले ते सांगितले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले ते तहान लागली म्हणून नव्हे, हेही सांगितले. मास्तर खांबाआड उभे राहून ऐकत होते. बोनस मिळाल्यावर माणसाचा चेहरा असतो तसा चेहरा करून ते त्या संध्याकाळी घरी आले, असे वहिनी सांगतात.

पुढे नवे अधिकारी आले. त्यांनी पाटी बदलली. आता तिच्यावर आणखी एक ओळ आहे, की पूर्वी काही जातींना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास मनाई असे. मास्तर 'काही' या शब्दावर अडून बसले आहेत. "कुठल्या, ते लिहायला शाई संपते का? पगड्यांच्या वेळी बरी प्रत्येकाची जात आठवते!" भायखळ्याला मी जे बोललो होतो तेच आता ते मला ऐकवतात, पण मी तसे त्यांना बोलून दाखवले नाही.

पुढच्या वर्षी मास्तर निवृत्त होतील. त्यांच्या जागी कायम माणूस घेतील असे दिसत नाही, कामे आता कंत्राटावर बाहेर देतात. आपल्या मुलामुलींत कुणाच्या हातात ही कला असेल तर आईवडिलांनी तिला नाद म्हणून झिडकारू नये. शाळेतल्या ड्रॉइंगच्या परीक्षा जरूर द्याव्यात. मुंबईत शिल्पकलेसाठी जे. जे. आहे, वस्तू जपण्याची विद्या शिकायची तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून म्युझियॉलॉजीचा विभाग आहे. पैसा बेताचाच मिळेल, हेही आधीच सांगून ठेवतो.

मास्तरांनी सध्या घरच्या गॅलरीत दोन आकृत्या करायला घेतल्या आहेत. एक रापी घेऊन कातडे कापणारा चांभार आणि एक दोर वळणारा मांग. नऊ आणि एक दहा, हे दोन धरले की बारा. कोपऱ्यात जागा नाही, म्हणून पार डावीकडे चार इंच सरकवावा, असा विनंतीअर्ज त्यांनी केला आहे. मजकूर त्यांचा, टंकलेखन माझे. अर्जाला आवक क्रमांक पडला आहे. चांभाराचा हात झाला आहे, रापी व्हायची आहे. गॅलरीत ऊन फार येते, तेव्हा दिवसातून दोनदा फडके ओले करायचे काम वहिनींकडे आले आहे.